जीपचे धडाके आणि आमच्या ह्यांची चूक

सौंसरवाल्यांनो, आज सकाळी धडाम आवाज आला ना, ती आमची जुनी पेट्रोलची जीप होती.

पोरगा म्हणे, "आई, आज चालू नाही झाली त भंगारात देतो." भंगारवाला फाटकापाशी उभाच होता.

मिस्तरीनं नवे प्लग टाकले, वायरी पुस्तकात पाहून लावल्या. स्टार्टरचा सेल मारला की कारबुरेटरमधून जाळ! मिस्तरी म्हणे, "ठिणगीचं टायमिंग गेलं, आजी."

म्या म्हटलं, "टायमिंग कायले जाते? तू वायरी हलवल्या. आमच्या ह्यांनी प्लगांले वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर पाव फेरा चुकवून बसवला होता. पुन्हा खोलायचा कंटाळा, म्हणून चारही वायरी एकेक घर सरकवल्या."

"पण पुस्तकात..."

"पुस्तकवाला आला होता का इथं? इंजिनाचं हँडल फिरव."

म्या पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला. हवेनं अंगठा ढकलला, तसं म्हटलं, "थांब!" तेव्हा डिस्ट्रिब्युटरमधला फिरता काटा, रोटर, जिकडे पाहून राहिला होता, तिथं पहिली वायर लावली. बाकीच्या तिच्यामागं पुस्तकातल्याच क्रमानं.

हे आता नाहीत, पण हे काम मले ह्यांनीच शिकवलं. प्रेमानं नाही, "झोपली का? थांब म्हण ना!" असं वरडून. आज अंगठ्याले हवा लागली अन् तेच वरडणं आठवलं. वाईट नाही वाटलं.

जीप एका सेलमध्ये चालू झाली. पोरगा गुपचूप भंगारवाल्याले चहा पाजून राहिला होता.

तुमच्याही घरी कोणाची अशी चूक असंल, जी फक्त तुमालेच माहीत आहे. सांगून ठेवली का कोणाले? म्या आज बोनेटच्या आतून रंगानं लिहून टाकली.