अंगठा आणि तर्जनीचा गोल

वादळाने किनारा झोडपला. त्यानंतर स्कूबा डायव्हरांच्या मनाचं काय झालं, हे विचारत, सर्वेक्षणाचे फॉर्म भरत मी आठवडाभर मालवणात फिरतेय. पर्यटकांना समुद्रतळ दाखवणाऱ्या या माणसांचं एकच उत्तर. अंगठ्याला तर्जनी टेकवून केलेला गोल, म्हणजे ठीक. होडी फुटली, छप्पर उडालं, तरी ठीक? अहो, ही पाण्याखालची खूण. जमिनीवर तरी तोंड उघडा!

आज वैतागून त्यांच्यातल्याच विनायकदादांना विचारलं, "खाली पर्यटक घाबरला, तर काय करता?"

"हीच खूण. म्हणजे तो बिथरत नाय."

"आणि तुम्हीच घाबरलात तर?"

"तेव्हाय हीच. तो आमच्या हाताकडेच बघता ना!"

मी मांडीवरच्या फॉर्मच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. प्रत्येकावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ठीक.