बन्सीच्या राशीवर एक सूप

माझा धाकटा भाऊ अहमदपूर तालुक्यात शेती करतो. यंदा त्याच्याकडे दोन गहू होते. विहिरीखालच्या तुकड्यात तांबेरा न धरणारे नवे वाण आणि कोरडवाहू काळ्या रानात आमचा जुना बन्सी. बन्सीचे निर्भेळ बियाणे गावात याच एका शेतात उरले होते. ज्यांना विहीर नाही, त्यांना पुढच्या रब्बीत तेच पेरायचे होते आणि त्यासाठी बीजतपासणीत रास उतरणे आवश्यक होते.

नव्या वाणाला माझा विरोध नव्हता. तांबेऱ्याने करपलेली शेते मी पाहिली आहेत. त्यातून वाचवणारे बी ज्याने शोधले, त्याला मी हात जोडतो.

राशीच्या पूजेसाठी मी नांदेडहून गेलो. पूजा सांगून विहिरीवर संध्येला बसलो. परत येतो तो भाऊ खोऱ्याने बन्सीची रास वरखाली करीत होता आणि शेजारी नव्या गव्हाचे सूप रिकामे पडले होते. आमच्या घरी नवे धान्य आले की त्याचे पहिले सूप जुन्या राशीवर वाहतात. एरवी ती जुनी रास खायच्या धान्याची असते.

"हे काय केलेस?"

"सूप वाह्यलं, आण्णा. नवं धान हाय, रास रुसाय नको."

"बियाण्याच्या राशीवर?"

"नवी सून आली तर तिला अंगणात येगळी चूल मांडून देता का तुमी?"

खळ्यावरची माणसे हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दूध देवाला चालते, दहीही चालते," मी ओरडलो, "पण विरजण दुधात पडल्यावर दूध उरते का रे?" भावाने खोरे बाजूला ठेवले. देवापुढे बसून जन्मभर सांभाळलेला माझा आवाज त्या दिवशी फाटला.

राशीचा नमुना तपासणीत नापास झाला. सांगायला आलेला कृषी खात्याचा अधिकारी अदबीने बोलला, "खायला उत्तम आहे, गुरुजी. बियाणं म्हणून नाही चालणार. हाताने निवडून पुन्हा नमुना द्या."

"नवे बी वाटताना तुम्ही हार घातलेत, फोटो काढलेत. ते कोणाच्या खळ्यावर, कशाशेजारी मळले जाईल, हे एकाने तरी विचारले?"

"तो विषय आमच्याकडे येत नाही."

नवे आणायचे एकाने, जुने राखायचे दुसऱ्याने आणि दोहोंमधली जागा कोणाचीच नाही! मी आणखी बरेच बोललो असतो. पण भावाची पत्नी, जी माझ्यासमोर कधी बोलत नाही, ती दाराआडून नवऱ्याला म्हणाली, "आण्णांला म्हनावं, रागानं गहू निवडून होत न्हाई. चष्मा लावा अन् बसा."

मी बसलो. बन्सीचा दाणा लांबट, काचेसारखा. नवा गोल आणि फिका. सतरंजीवर दिवसभर तिघांनी वेचले, तरी ढीग हलेना. मजूर लावूनही पेरणीपूर्वी सारी रास निवडून होणार नाही. सगळ्यांना पुरेल एवढे बी निघणार नाही.

"कुनाला न्हाई म्हनायचं, आण्णा?" भावाने विचारले.

"ते तू ठरव. आणि त्यांच्या दारात जाऊन तूच सांग. मी बरोबर येणार नाही."

मी पुढची मूठ सतरंजीवर पसरली.