खिशातला चेंडू

फोन आला तेव्हा मी ग्रोसरीच्या रांगेत होते. “डॅड इज गॉन, आंटी,” इनासदादाचा मुलगा म्हणाला. मी “ओके” म्हटलं, सामान पिशव्यांत भरलं, घरी येऊन दूध फ्रिजमध्ये ठेवलं. पाच आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही...

इनासदादा माझा मावसभाऊ, वसईचा. रिटायर झाल्यावर रिचमंड हिलमधल्या आमच्या घरांमागचं हेमलॉकचं रान त्याने जणू दत्तकच घेतलं. या सूचिपर्णी झाडांवर परदेशातून आलेली एक बारीक कीड पडते. पानांच्या बुडाशी बसून रस शोषते, अंगाभोवती पांढरी लोकर गुंडाळते, आणि काही वर्षांत उभं झाड वाळून जातं. उंच फांद्यांवरची कीड खालून दिसत नाही, म्हणून चेंडूला वेल्क्रो लावून तो गलोलीने वर मारतात. लोकर असली तर चिकटून खाली येते. शेजाऱ्यांच्या कैऱ्या पाडून घेतलेलं शिक्षण कॅनडात कामी आलं, असं मी त्याला चिडवायचे. तो हसायचा, पण कामात भलता कडक. एकदा मी चेंडू कोटाच्या खिशात टाकला, तर सगळ्यांदेखत ओरडला. “बाय, प्लास्टिकच्या बॅगेत टाक. मग तपासायचं काय, तुझा कोट?”

एप्रिलमध्ये आम्ही शेवटचे गेलो. त्याचा नेम तीनदा चुकला. चौथ्यांदा चेंडू फांद्यांतून खाली आला. त्याने तो उचलला, थोडा वेळ झाडाला टेकून उभा राहिला आणि चेंडू सरळ स्वेटरच्या खिशात टाकला. आता मीच ओरडावं, असं मनात आलं. पण थंडी होती, घरी जायची घाई होती. चार दिवसांनी तो फोन... हार्ट अटॅक.

अंत्यविधीनंतर मुलाने तो स्वेटर मला दिला. खिशात चेंडू होता, आणि वेल्क्रोवर पांढरी लोकर. दादाचं रानही गेलं, असंच वाटलं. मी चेंडू प्रयोगशाळेत तपासायला पाठवला. परवा उत्तर आलं: किडीचा मागमूस नाही, ही साधी स्वेटरची लोकर, झाडं ठणठणीत आहेत.

दादा कधीच खिशात चेंडू टाकत नसे. त्याला बरं वाटत नव्हतं, हे मला त्या झाडाखालीच कळायला हवं होतं.

चेंडू त्यांनी बॅगेत घालून परत पाठवला आहे. मी तो काढून दादाच्या स्वेटरच्या खिशात ठेवला. कोणी ओरडलं नाही.