अर्धं वचन

आमच्या चर्चच्या मंडळीत नववर्षाच्या पहिल्या उपासनेनंतर एक टोपली फिरते. त्यात छापील चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एकेक वचन. न बघता उचलाल ते तुमचं वर्षाचं वचन. लोक ते फ्रिजवर चिकटवतात, पाकिटात जपून ठेवतात. यंदा आईला आलेल्या वचनाचा अर्थ असा होता: तुम्हाला लढायचं नाही, नुसतं उभं राहायचं आणि देव कशी सुटका करतो ते बघायचं.

पुढच्याच आठवड्यात तिच्या अंडाशयावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढून तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही, आणि लांबवू नका. आईने फाइल मिटली आणि शांतपणे म्हणाली, "मला ऑपरेशन नको. देवाने आधीच सांगितलंय, लढायचं नाही."

पप्पांनी त्यांच्या परीने समजावलं. पण पप्पा म्हणजे मोजकं बोलणारा माणूस. शेवटी त्यांनी मला फोन केला. "तू ये बाई. तुझंच ऐकेल." हा त्यांचा गोड गैरसमज. आईने माझं आजवर कधी ऐकलेलं नाही.

मी अंधेरीला राहते. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी थोडा वेळ शास्त्र वाचते, शेजारी उताऱ्यांचा अर्थ उलगडणारं भाष्य घेऊन. सवय आईनेच लावली. ती रविवार शाळेत शिकवायची तेव्हापासून तिचा दंडक होता: उतारा आधी आपल्या डोळ्यांनी वाचायचा, कुठे अडतंय ते बघायचं, मगच भाष्य उघडायचं. नाहीतर दुसऱ्याने चावलेला घास गिळल्यासारखं होतं, म्हणायची. आणि त्याच बाईने आता एका चिठ्ठीवर जीव टांगला होता. मला रागाने काही सुचेना.

त्या शनिवारी मी उतारा न वाचताच थेट भाष्य उघडलं. मला समजून घ्यायचं नव्हतं, मला मुद्दे हवे होते. माझ्याकडे दोन भाष्यं आहेत. पहिल्यात हवं ते मिळालं. शत्रू चालून आले असताना एका राजाला आणि त्याच्या लोकांना मिळालेलं ते वचन, आणि त्यातच पुढे सांगितलंय की उद्या त्यांना सामोरे जायला बाहेर पडा. चिठ्ठीवर नेमका तेवढाच भाग गाळलेला. जागा पुरली नसेल! दुसरं भाष्य मात्र आईच्या बाजूने बोलत होतं: इथे माणसाच्या हातात काही नाही, सगळं देवच करतो. ते मी घरीच ठेवलं.

मेट्रोने घाटकोपर, तिथून रिक्षाने मुलुंड. पुस्तक मांडीवर घेऊन मी वाक्यं जुळवत होते. आज तिने ऐकलं नाही तर परत कधी ऐकणार?

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुसऱ्या भाष्यात काय दिलंय?"

दुसरं तिनेच माझ्या वाढदिवसाला दिलेलं.

"ते आणलं नाही."

"का नाही आणलंस? तू देवाचं ऐकायला बसलेलीस की मला हरवायला?"

"तुला वाचवायला!" मी ओरडलेच. "पोरांना शिकवायचीस ना, मागचं-पुढचं वाचल्याशिवाय वचन उचलायचं नाही म्हणून? स्वतःवर आलं तेव्हा बरी चिठ्ठी पुरली!"

पप्पा स्वयंपाकघरातून डोकावले आणि परत आत गेले. आई माझ्याकडे बघत राहिली. ही आता मला घालवून देणार, असंच मला वाटलं. पण तिने चष्मा चढवला, आपलं शास्त्र पुढे ओढलं आणि म्हणाली, "भाष्य मिट आधी."

तिने तो अध्याय सुरुवातीपासून मोठ्याने वाचायला घेतला, रविवार शाळेत वाचायची तसा, सावकाश. बाहेर पडण्याची ओळ कधी येते असं मला झालेलं. पण ती सुरुवातीलाच अडली. शत्रू आल्याची खबर येते आणि राजा घाबरतो. तिने ती ओळ पुन्हा वाचली.

"याच्याबद्दल काय दिलंय बघ."

ते पान मी घाईत ओलांडलं होतं. आता काढून वाचलं. लिहिलं होतं की इथे राजाची भीती लपवलेली नाही. तो सगळ्यांना, बायकापोरांनाही, गोळा करतो आणि त्यांच्यादेखत कबूल करतो की आम्हाला काय करावं कळत नाही. वचन येतं ते त्यानंतर.

आईने चष्मा काढला. "आधी घाबरलो म्हणतो. मग वचन."

"हो."

"मी ते म्हटलंच नाही गं. चिठ्ठी निघाली आणि मला हायसं वाटलं, आता कुणाला सांगायला नको." तिने चष्मा शास्त्रावर ठेवला. "माझी आई ऑपरेशनला आत गेली ती परत आलीच नाही."

हे मला माहीत नव्हतं. आजी तापाने गेली, असंच ती सांगत आलेली. मला रडू आलं.

तिने पप्पांना हाक मारली. "इकडे या, तुम्हीपण ऐका." ते हात पुसत येऊन बसले. आमच्या दोघांसमोर ती म्हणाली, "मला भीती वाटते. काय करावं कळत नाही."

पप्पांनी तिचा हात धरला.

मग ती माझ्याकडे वळली. "सोमवारी डॉक्टरांना फोन कर. आणि हे बघ, मला आत नेल्यावर बाहेर एकटी बसू नकोस. माझी आई आत होती तेव्हा बाहेर मी एकटीच होते."