गोराईची विहीर आणि आमचं पार्किंग

खरं सांगू, मला जायचंच नव्हतं. मे महिन्याचं ऊन, कुरकुरणारे गुडघे, आणि सोबतीला फादर. आमच्या अंधेरीच्या गावठाणात चर्चच्या आवारात एक जुनी विहीर आहे. ती बुजवून तिथं पार्किंग करायचं असं समितीत चाललं होतं, सोमवारी मतदान. फादर कित्येक महिने प्रत्येक मिस्सेच्या प्रवचनात वाढती उष्णता, समुद्र, झाडं यांवर बोलत होते आणि आम्ही जांभया देत होतो. पार्किंगसाठी सगळ्यात मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा, अँथनीचा.

गोराईच्या माझ्या मावसबहिणीच्या, कार्मेलीनच्या, मुलीचं रविवारी लग्न होतं. आदल्या संध्याकाळच्या उंबराच्या पाण्याला, म्हणजे नवरीच्या न्हाणाच्या विधीला, आम्ही निघालो, आशीर्वादाला फादरही. "गाडी नको, बोटीनं जाऊ," ते म्हणाले.

"झालं, वाट लागली," अँथनी पुटपुटला.

जाणाऱ्यांसाठी: बोरिवलीपर्यंत मेट्रो, तिथून जेट्टीची बस, मग बोट. तिकीट किरकोळ आहे, सुट्टे ठेवा. गाडीनं भाईंदरवरून मोठा वळसा पडतो. पलीकडे रिक्षा मिळते, पण भाव आधी ठरवा. घामानं माझी साडी पाठीला चिकटली होती. फादरही थकलेले दिसत होते, वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

कार्मेलीनकडे गरम फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, आणि बाटली मसाल्याचं मटण खाल्लं, तेव्हा जरा जिवात जीव आला. पाणी प्यायला मागच्या दारी गेले तर ही बाई विकतच्या जारमधून तांब्याची कळशी भरत होती.

"हे कशाला गं?"

"हळू बोल. विहीर खारट झालीय. भरती दरवर्षी थोडी थोडी आत येते. पोरीला नाही सांगितलंय, तिला वाईट वाटेल." तिनं कळशीवर आंब्याची पानं झाकली. मला रडूच आलं.

आमच्याकडे नवरीला गावच्या विहिरीचं पाणी वाजतगाजत आणून न्हाऊ घालतात. बँड लागला, बायका नाचल्या. कळशी विहिरीत सोडायचा मान काकाचा म्हणून दोर अँथनीच्या हातात दिला. त्यानं कळशी सोडली आणि दोराला एकदम ओढ बसली. रिकामी कळशी खाली जाताना एवढी जड कशी? त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. पाण्याला लागायच्या आतच कार्मेलीन म्हणाली, "ओढा आता." नवरी हसत टाळ्या वाजवत होती.

फादरना सकाळची मिस्सा होती, म्हणून आम्ही त्यांच्यासोबत परत निघालो. उद्या लग्नाला पुन्हा हीच सगळी यातायात करायची होती. बोटीत अँथनीनं विचारलं, "फादर, तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"इतके महिने बोलून काय झालं रे?" फादर म्हणाले. "आपल्या विहिरीचं पाणी अजून गोडं आहे. पार्किंग नको असेल तर आधी माझी गाडी विकतो. पुढचं तुम्ही बघा."

घरी आले ती अंग मोडून. सहल म्हणून विचाराल तर गोराई उन्हाळ्यात नकोच, थंडीत जा. मला त्या पोरीचं हसणं अजून सोसवत नाही.

सोमवारी विहीर बुजवायच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी सवयीनं अँथनीकडे बघितलं. त्यानं दोन्ही हात खिशात घातले होते.