मोत्यांच्या गळ्याचं पोलकं

लश्कर शहरातल्या दाना ओली नावाच्या गल्लीत राहणाऱ्या शामलाबाईंना समोरच्या माणसाचा चेहरा नंतर दिसे, अंगावरचा कपडा आधी. हळदीकुंकवाला कुणी आली, की यांची नजर तिच्या बाहीच्या शिवणीवर. सासूबाई विजयाबाई म्हणत, "सूनबाई, अगोदर कुंकू लाव, मग बाही बघ." यजमान लक्ष्मीकांत मध्य भारत सरकारच्या सचिवालयात कारकून होते. घरात एक हातानं फिरवायचं शिलाई मशीन होतं आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांची पोलकी त्याच्यावरच शिवली जात.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात धाकट्या नणंदेचं, शरयूचं, लग्न ठरलं. मुहूर्त माघातला. शरयू म्हणाली, "वहिनी, मला असं पोलकं पाहिजे की पूर्ण लश्करमध्ये कुणाजवळ नसेल. पण भडक बिलकुल नको हं!"

शामलाबाईंनी खासगी बाजार नावाची अख्खी पेठ पालथी घातली. जिकडेतिकडे तेच गोल गळे, तेच चौकोनी. त्यांचं उतरलेलं तोंड बघून लक्ष्मीकांत म्हणाले, "रविवारी गुजरी महालात जाऊ या. तिथल्या संग्रहालयात हजार वर्षांपूर्वीच्या बायका उभ्या आहेत. त्यांनाच विचार."

त्यांनी गंमत केली होती. पण रविवारी शामलाबाई जेवणं आटोपून, पदर खोचून तयार. टांगा करून दोघं किल्ल्याच्या पायथ्याशी गेली.

लक्ष्मीकांत प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत पुढे सरकत होते. शामलाबाई मात्र एका मूर्तीपाशी अडकल्या. हात तुटलेली, पण चेहऱ्यावर हसू तसंच राहिलेली एक दगडी बाई. तिच्या गळ्यालगत मोत्यांच्या दोन सरी, आणि त्या दोहोंमध्ये थेंबासारखे बारीक लोलक. शामलाबाईंची बोटं हवेत त्या सरींवरून फिरू लागली.

रखवालदार दौलतसिंह लगबगीनं आला. "बाईसाब, यहाँ पूजा करना मना है."

"पूजा नहीं भैया, नाप ले रही हैं," लक्ष्मीकांत म्हणाले.

दौलतसिंह आधी गोंधळला, मग खदखदून हसला आणि उजेड यावा म्हणून त्यानं खिडकीची झडप उघडून दिली.

घरी येऊन शामलाबाईंनी चंदेरी गावचं मोतिया रंगाचं तलम कापड बेतलं. गळ्याला काचमण्यांच्या दोन सरी ओवल्या, मध्ये लोलक. पाटावर ठेवलं तेव्हा पोलकं दृष्ट लागण्यासारखं दिसलं. शरयूनं अंगात घातलं मात्र, मण्यांच्या वजनानं झिरझिरीत कापड ओघळलं आणि गळा खाली लोंबायला लागला. विजयाबाई बोलल्या, "दगडावर शोभतं ते दगडावरच राहू दे."

शामलाबाईंनी सगळे मणी उसवले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

नोव्हेंबरात राज्यांची नवी मांडणी झाली. राजधानी भोपाळला गेली, आणि तिच्यापाठोपाठ फायलींसकट कारकूनही. लक्ष्मीकांतांना नव्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या; सासूबाई आणि शरयू लश्करलाच राहिल्या. भिंतींचा चुना अजून ओला होता. शेजारपाजार सगळा अनोळखी. नळावर नागपूरच्या बाई, रीव्याच्या, इंदूरच्या. शामलाबाई कळशी भरायला जात त्या खरं म्हणजे त्यांचे पदर बघायला. कुणाचा उजव्या खांद्यावर, कुणाचा डाव्या. बघता बघता ओळखी झाल्या, पण लश्करची आठवण यायचीच.

एकदा दोघं चौकात भाजीला गेली होती. पुढून एक प्रौढ बाई चालली होती, अंगात जाळीदार कापडाचा कुर्ता, आणि गळ्याला जरीचं भरगच्च काम. एवढं जड काम, अन् कापडाला कुठे सुरकुती नाही! शामलाबाई भाजीची पिशवी यजमानांच्या हातात देऊन तिच्या मागोमाग निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी ती बाई गर्रकन वळली.

"क्या बात है बीबी? पीछे पीछे क्यों आ रही हो?"

शामलाबाईंनी तिच्या गळ्याकडे बोट केलं. "आपका गला... मतलब, कुर्ते का गला देख रही थी. ये लटकता कैसे नहीं?"

बाई हात धरून त्यांना घरी घेऊन गेल्या. मुनव्वर बी त्यांचं नाव. त्यांनी कुर्त्याचा गळा उलटून दाखवला. आतून मलमलीची दुहेरी पट्टी होती. सगळा भार तिनं उचललेला. बाहेर लक्ष्मीकांत मेथीच्या जुड्या सांभाळत उभे राहिले होते, त्यांना चहा बाहेरच पाठवला गेला.

शामलाबाईंनी शरयूच्या पोलक्याला आतून तशीच पट्टी लावली आणि मणी पुन्हा ओवले. माघात लश्करला लग्न लागलं. शरयू मांडवात आली तेव्हा मोत्यांचा गळा जागच्या जागी बसलेला होता आणि लोलक तिच्या श्वासाबरोबर हलत होते. वऱ्हाडातल्या बायका विचारायला लागल्या, पोलकं मुंबईचं की दिल्लीचं? "आमच्या सूनबाईच्या हातचं," विजयाबाईंनी एकेकीला सांगितलं. संध्याकाळी त्यांनी शामलाबाईंना बाजूला घेतलं. "मला एक शिवशील? दोन नको, एकच सर लाव. बारीक."

भोपाळला परतल्यावर शामलाबाई लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन मुनव्वर बींकडे गेल्या. मुनव्वर बींनी लाडू बाजूला ठेवले आणि शामलाबाईंच्या पोलक्याची बाही चिमटीत धरून पाहिली.

"हाथ ऊपर करती हो तो ये खिंचता नहीं. काँख की कटाई कैसे की है?"

"कैंची है?" शामलाबाईंनी विचारलं, आणि दोघी दारातल्या उन्हात सतरंजी पसरून बसल्या.