पाणी मागणारा पोस्टमन

"वायच उदक दी गे."

खाकी पिशवी बलकांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, पायरीवर ठेवून आमचा पोस्टमन असं म्हणाला, की समजावं, त्या घरी मरणाची तार आली आहे. एरवी तो कुणाकडे पाण्याचा थेंब घेत नसे. एका घरी घेतलं की दर घरी घ्यावं लागतं, आणि मग पत्रं वाटायची सोडून आडोसे शोधत फिरावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

पेडण्यातल्या आमच्या छोट्या पोस्टात तारा फोनवर यायच्या. मी काउंटरवर बसून त्या लिहून घ्यायचो आणि त्याच्या हातात द्यायचो. बाई पाणी आणायला आत गेली की तो कुंपणावरून शेजारणीला खूण करी. पाणी येईपर्यंत शेजारीण हजर असे. मग तो बाईला खाली बसवायचा, चूल विझवायला लावायचा आणि तार अगदी शेवटी काढायचा. "मास्तर, उब्या मनशाक तार दिवंक जायना," तो मला सांगायचा. "आदी बसोवंक जाय." मी मास्तर नव्हतो, साधा कारकून होतो. पण त्याने दिलेली बढती मी कधी नाकारली नाही.

त्याचं दुसरं वेड म्हणजे आलेलं टपाल त्याच दिवशी पोचलं पाहिजे. एकदा गुडघाभर चिखल तुडवत त्याने एका घरी लग्नाची पत्रिका नेऊन दिली. लग्न आदल्या दिवशीच होऊन गेलं होतं. मी हसलो, तर म्हणतो, "तरी पोचली मां?"

तारा बंद झाल्या. पुढे तोही निवृत्त झाला. मुलीने त्याला मोठा फोन घेऊन दिला आणि महिन्याभरात फेसबुकवर आमच्या गावाचं पान निघालं. पोदेर आजारी आहे, आज पाव येणार नाही. वीज गेली आहे, दुपारी येईल. म्हातारा पोस्टमन पुन्हा घरोघर फिरायला लागला, तेही सायकलशिवाय. आपल्यापैकी कितीजण सकाळी देवाला हात जोडण्याआधी असलं पान उघडतात, खरं सांगा.

पहिल्या पुराच्या वेळी तो पुलावर छत्री धरून उभा होता आणि फोनवर लाइव्ह बोलत होता. "खांब्याची तिसरी खूण बुडली. गोरवां सोडा. म्हाताऱ्यांक देवळांत व्हरा." खालच्या वाड्याने ऐकलं. माणूस राहू द्या, एक वासरूसुद्धा दगावलं नाही. देवळात त्याला शाल घातली, ती दाखवायला तो माझ्याकडे तीनदा आला. तेव्हापासून तो प्रत्येकाला बजावू लागला, "पावस लागलो काय फोन चालू दवरा."

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी नदी पुन्हा चढली. खालच्या वाड्यावरचा एक तरणा मुलगा शेतातला पंप सोडवून आणायला गेला आणि परतला नाही. लोकांनी शोधलं, तर तो बांधाला अडकलेला सापडला. त्याला वर काढत होते तेव्हा पोस्टमनचा फोन चालू होता.

चेहरा त्याने दाखवला नाही. तेवढं भान त्याला होतं. पण रेनकोटची बाही दिसली, आणि बाहीच्या कोपरावर छत्रीच्या लाल कापडाचं ठिगळ दिसलं. ते ठिगळ मुलाच्या आईने लावलं होतं. ती घरात एकटी होती, चुलीवर पेज ठेवून फोनवर पाणी किती चढलं ते बघत होती. पोस्टमननेच तिला तसं सांगितलं होतं.

ती अनवाणी नदीकडे धावली. पाण्यात शिरता शिरता दोघांनी तिला ओढून काढलं. घरी चुलीवरची पेज जळून कोळसा झाली.

तो व्हिडिओ मीही दोन ग्रुपवर पाठवला होता, वर "काळजी घ्या" असं लिहून. हे लपवून त्याच्याविषयी लिहिणं मला जमणार नाही.

मुलाचं तेरावं झाल्यावर तो तिच्याकडे गेला. मला बरोबर नेलं. ती पायरीवर बसली होती.

"हांवें तोंड दाखोवंक ना, बाय," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ह्याचो बापूय बोटीर मेलो, तेन्ना तुवें उदक मागिल्लें. ह्या खेपे मागूंक ना."

तो वळला. परतताना अर्ध्या वाटेवर थांबून म्हणाला, "मास्तर, फोनार दार खंय आसा तेंच माका दिसूंक ना." मग पुढे चालू लागला.

त्याने पान बंद केलं, फोन मुलीला परत दिला. गाव आठवड्याभरात दुसऱ्या कुणाचं पान बघायला लागलं. तो मात्र रोज दुपारी उन्हातून त्या बाईच्या घरी जायचा. नारळ सोलून द्यायचा, तिची औषधं आणायचा, पायरीवर बसायचा. ती बोलत नसे. तोंडाला कोरड पडली तरी तिच्याकडे पाणी मागायची त्याची छाती झाली नाही. मला त्याची फार कीव यायची, आणि आम्हा बाकीच्यांची लाज.

यंदा चैत्रात तो तिचीच औषधं आणायला धारगळला गेला आणि हमरस्ता ओलांडताना ट्रकखाली आला. मी समोरच्याच दुकानात होतो. धावत पोचलो, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. भोवती पाच-सहा फोन वर धरलेले होते. बंद करा, मी म्हणालो. एकाने केला.

"काका, लोकांक कळूंक नाका?" दुसरा म्हणाला. चांगल्या घरचा मुलगा वाटला.

मी पोस्टमनचा चेहरा रुमालाने झाकला, दुकानदाराला त्याच्यापाशी बसवलं आणि स्कूटर काढली. त्याची बायको त्या वेळी घरी एकटी असते. तो व्हिडिओ तिथे पोचायच्या आत मला पोचायचं होतं. एवढ्या जोरात मी आयुष्यात कधी स्कूटर मारली नव्हती.

वहिनी बलकांवात विळीवर चिंच फोडत होत्या. मला धाप लागली होती.

"वयनी," मी म्हणालो, "वायच उदक दी."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पाणी आणायला त्या उठल्या नाहीत. विळी मिटून बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि भिंतीला पाठ लावून नीट बसल्या.

"शेजारणीक आपय आदी," त्या म्हणाल्या.

मी कुंपणाकडे वळलो, तेव्हा आत त्यांचा फोन वाजायला लागला.